खुलासा : स्प्रिंगर म्हणजे ‘वाढलेला कॉकर’ नव्हे

गेले आठ दिवस आमच्या दापोली-गुहागरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : स्प्रिंगर स्पॅनियल जातीचा कुत्रा म्हणजे खाऊन वाढलेला कॉकर स्पॅनियलच, उकाड्यात त्याचं मुंडण करा आणि रोज समुद्रात बुडवा, खाऱ्या पाण्याने गोचीड मरतात.

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. पूर्वी इंग्लंडात एकाच वेतातली लहान कुत्री कॉकर आणि मोठी स्प्रिंगर म्हणून वेगळी काढत. कॉकर वुडकॉक पक्ष्यावर सोडायचा, स्प्रिंगर झुडपातलं सावज उठवायचा. नावं त्यावरूनच पडली. पण १९०२ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने स्प्रिंगरला स्वतंत्र जात मानलं. खांद्यापाशी उंची साधारण ५१ सेंटीमीटर, कॉकरपेक्षा दहाएक सेंटीमीटर जास्त.

मुंडण मात्र नको. केस गेले की ऊन थेट कातडीवर. कान, पाय आणि पोटाखालची झालर कातरून घ्या, तेवढं पुरे.

समुद्राचं तर विचारूच नका. खाऱ्या पाण्याने गोचीड मरत नाहीत, त्याला डॉक्टरांकडचं औषधच लागतं. पोहायला न्या, हा गडी खूश होतो. पण आल्यावर विहिरीच्या पाण्याने धुवा आणि लोंबता कान उलटा करून आतून कोरडा करा. आंबूस वास आला तर समजा, कान बिघडला. आणि हो, पावसाळा सरल्यावर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, फिरवून आणलंत की बोटांच्या बेचक्या चाचपा. गवताचं कुसळ तिथेच रुततं.