मोठी आघाडी मिळाली म्हणून हात सैल सोडायचा?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम मार्चकडे सरकला की एक सल्ला हमखास फिरू लागतो. वीस गुणांची आघाडी म्हणजे सामना खिशात. त्यापुढे चेंडू फिरवत घड्याळ संपवावं, मुख्य खेळाडूंना जपावं आणि समोरच्यावर आणखी गुण चढवून त्याला लाजवू नये. ऐकायला समंजस वाटतो, म्हणूनच तो इतका पसरतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे.

आधी ‘सामना खिशात’ हे बघू. 15 फेब्रुवारी 1994, बॅटन रूज. एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) 68, केंटकी 37, आणि साडेपंधरा मिनिटं बाकी. केंटकीने तो सामना 99-95 असा जिंकला, म्हणजे उरलेल्या वेळात 62 विरुद्ध 27! फेब्रुवारी 2018 मध्ये ड्रेक्सेलचा संघ डेलावेअरविरुद्ध 34 गुणांनी मागे पडला होता, तरी 85-83 ने जिंकला. पुढच्याच महिन्यात सिनसिनाटीची 22 गुणांची आघाडी नेवाडाने शेवटच्या साडेअकरा मिनिटांत धुऊन काढली.

हे अपवाद आहेत असं म्हणणाऱ्यांनी थोडं गणित करावं. बेसबॉलच्या आकडेवारीसाठी ओळखले जाणारे बिल जेम्स यांनी कॉलेज बास्केटबॉलसाठी एक सूत्र मांडलं होतं. आघाडीतून 3 वजा करा. चेंडू आघाडीवाल्यांकडे असेल तर अर्धा मिळवा, नसेल तर अर्धा काढा. येईल त्या संख्येचा वर्ग करा. तो उरलेल्या सेकंदांपेक्षा मोठा असेल तरच आघाडी सुरक्षित. या हिशेबाने वीस गुणांची आघाडी, चेंडू हातात असला तरी, शेवटची पाचेक मिनिटं उरल्यावरच सुरक्षित होते. एलएसयूचे 31 गुण घ्या. चेंडू त्यांच्याकडेच होता असं धरलं तरी वर्ग येतो 812, आणि सेकंद उरले होते 934. एकतीससुद्धा पुरेसे नव्हते.

आणि सूत्राने ‘सुरक्षित’ म्हटलं तरी निश्चिंत होता येत नाही. 20 मार्च 2016 रोजी नॉर्दर्न आयोवाकडे 44 सेकंद उरले असताना 12 गुणांची आघाडी होती. सूत्राप्रमाणे ती भरपूर होती. पण टेक्सस ए अँड एमने असा दबाव आणला की चेंडू रेषेबाहेरून नीट आत टाकणंच नॉर्दर्न आयोवाला जमेना. 71-71 अशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या जादा वेळेनंतर ते 88-92 असे हरले. पाय रोवून चेंडू घेणं, पास देणाऱ्याच्या दिशेने पुढे येणं, या सवयी चाळीस मिनिटं टिकवाव्या लागतात. मध्येच सोडल्या तर नेमक्या वेळी हुकमी परत येत नाहीत.

आता ‘घड्याळ संपवा’. हे सर्वात महाग पडलं ते 1963 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. सलग दोन वर्षांचा विजेता सिनसिनाटी दुसऱ्या सत्रात लोयोला शिकागोविरुद्ध 45-30 असा पुढे होता. त्यांनी खेळ थंड केला आणि चेंडू नुसता फिरवत ठेवला. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू मारायलाच लावणारं घड्याळसुद्धा नव्हतं, चेंडू हवा तितका वेळ धरून ठेवता येत होता. तरीही लोयोलाने सामना जादा वेळेत नेला आणि 60-58 ने जिंकला. आज तर ती सोयही उरलेली नाही. 1985-86 मध्ये 45 सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, 1993-94 मध्ये ते 35 झालं आणि 2015-16 पासून पुरुषांसाठीही 30. कबड्डीत आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करत बसू नये म्हणून तिसरी चढाई निर्णायक केली, तसाच हा बंदोबस्त आहे. वेळ काढणारा संघ आज 29 व्या सेकंदाला घाईचा, वाकडातिकडा शॉट मारतो आणि समोरच्याला आयता धावता हल्ला देतो. त्यात 1986-87 पासून तीन गुणांचा शॉट आहे, त्यामुळे आघाडी वितळायला फार वेळ लागत नाही.

दुखापतीचा मुद्दा थोडक्यात. सामना खरोखर हाताबाहेर गेला असेल तर मुख्य पाच जणांना बसवा, त्यात वाद नाही. पण मैदानावर ठेवून त्यांना अर्ध्या जोराने खेळायला सांगणं म्हणजे जपणं नव्हे.

राहिला अपमान. 26 मार्च 2016 रोजी महिलांच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत कनेक्टिकटने मिसिसिपी स्टेटला 98-38 असं हरवलं. मध्यंतरालाच 61-12 होते. असा एकतर्फी दबदबा खेळाला मारक आहे, अशी ओरड तेव्हा झाली. वर्षभराने, 31 मार्च 2017 रोजी, उपांत्य फेरीत तेच दोन संघ समोरासमोर आले. मिसिसिपी स्टेटने जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी 66-64 असा विजय मिळवला आणि कनेक्टिकटची सलग 111 विजयांची मालिका तोडली. साठ गुणांनी हरलेल्या मुली मोडून पडतात असं गृहीत धरणं हाच मला त्यांचा खरा अपमान वाटतो. आपल्या आणि सर्वोत्तम संघाच्या मध्ये किती अंतर आहे, हे समोरचा मनापासून खेळला तरच कळतं.

दयेला जागा नाही असं नाही. तीस गुणांनी पुढे असताना पूर्ण मैदानभर प्रेस, म्हणजे समोरच्याला त्याच्याच टोकापासून घेरणारा बचाव, लावू नये, तो काढावा. तीस सेकंदांहून कमी वेळ उरून शॉट क्लॉक बंद झाल्यावर शेवटचा चेंडू धरून ठेवावा. हे डावपेच बदलणं झालं, खेळाचा जोर कमी करणं नव्हे. बचावात सरकणं, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूसाठी, अंगाने जागा अडवणं, जमिनीवरच्या चेंडूवर झेप घेणं हे शेवटच्या सेकंदापर्यंत तसंच राहायला हवं.

शेवटची तीन-चार मिनिटं बेंचच्या टोकाला बसणाऱ्या मुलांना मिळतात. त्यांतले बरेचजण शिष्यवृत्तीविना संघात असतात, वर्षभर सरावात मुख्य खेळाडूंचा मार खातात आणि या एवढ्या मिनिटांची वाट पाहतात. त्यांना मैदानात उतरवताना ‘गुण करू नका, फक्त वेळ काढा’ असं सांगणारा प्रशिक्षक मला साठ गुणांच्या विजयापेक्षा कितीतरी जास्त खटकतो.