विमानाचे तुकडे सिमेंटात गाडून स्मारक टिकत नाही

लष्करी विमान कोसळून वैमानिकाचा जीव गेला की व्हॉट्सॲपवर एक निरोप हमखास फिरतो. सातारा, कराड, पाटणच्या गटांवरही तो येतो: ‘विमान पडलं तिथंच रस्त्याकडेला चौथरा बांधा, सापडलेले तुकडे सिमेंटात बसवा. विमान ॲल्युमिनियमचं, गंजत नाही. एकदा रंग मारला की पुन्हा बघायला नको.’ भावना खरी आहे, पण सांगितलेली रीत स्मारकाचीच वाट लावणारी आहे.

आधी गंजाचं बघू. विमानाचा पत्रा म्हणजे पातेल्याचा धातू नव्हे. ताकदीसाठी त्यातल्या बऱ्याच पत्र्यांत सुमारे ४ टक्के तांबं असतं आणि त्यामुळंच तो लवकर खराब होतो. बचावाला वरून शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. अपघातात पत्रा फाटला की फाटलेल्या कडेला ही ढाल उरत नाही. तिथं पांढरी भुकटी धरते, मग पत्रा पापुद्र्यापापुद्र्यानं फुगतो. तांबडा डाग दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं गंज नाहीच.

सिमेंट तर या धातूचा वैरीच. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर साधारण ४ ते ८.५ सामूपर्यंत (सामू म्हणजे pH, आम्ल-अल्कलीचं माप) टिकतो. ओल्या सिमेंटचा सामू १२ ते १३. थर विरघळतो, हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि पुढं दर पावसाळ्यात ओल धरली की तेच पुन्हा सुरू होतं. पत्रा नेमका चौथऱ्याच्या तोंडाशी कुरतडला जातो. म्हणून तुकडा जमिनीपासून वर, जस्त चढवलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवावा. बोल्ट स्टेनलेसचे, पण भोकात नायलॉनची नळी आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर हवेतच. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्यात थेट टेकले की झिजतं ते ॲल्युमिनियम.

एकदाचा रंगही पुरत नाही. जावळी-पाटणच्या पावसात पाणी रिव्हेटांच्या सांध्यांत शिरून बसतं. पोकळ भागाला सर्वांत खालच्या जागी ८-१० मिलिमीटरची भोकं पाडा. सौम्य साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेन रंग. दर मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर तपासणी.

‘सापडलेले तुकडे’ हा तर सर्वांत घातक सल्ला. अवशेष सरकारी मालमत्ता आहेत आणि चौकशीचा पुरावाही. इजेक्शन सीटमधली (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली) स्फोटक काडतुसं न उडालेली असू शकतात. जळालेल्या कार्बन फायबरची धूळ फुप्फुसात जाते. हात लावू नका, पोलिसांना कळवा. स्मारकासाठी भाग हवाच असेल, तर तो हवाई दलाकडं रीतसर मागावा.

राहिली जागा. सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळे वा बांधकामाला परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला आहे. पुणे-बंगळूर महामार्गाच्या हद्दीत चौथरा उभारला तर तो हटवला जाईल, आणि ती नामुष्की शहीदाच्या नावाच्या वाट्याला येईल. गावठाणात किंवा शाळेच्या आवारात ग्रामसभेच्या ठरावानं जागा घ्या. गाडी थांबवून माणसाला सुखरूप उतरता आलं पाहिजे. आमच्या मते धातूचा तुकडा नसला तरी चालेल. आपल्या गावांतले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, दगडातच उभे आहेत. काळ्या पाषाणात नाव, हुद्दा, तारीख किमान ४ मिलिमीटर खोल कोरून घ्या. वरून चिकटवलेली अक्षरं सुटतात.