लॅमिनार फ्लो आहे म्हणजे इंजेक्शन निर्जंतुक?

हॉस्पिटल फार्मसीवाल्यांमध्ये एक समज जोरात फिरतो: लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली हवा एकाच दिशेने सरळ सोडणाऱ्या कपाटात, म्हणजे हूडमध्ये) बनवलेलं इंजेक्शन निर्जंतुकच असतं, बूच स्पिरिटने पुसा, शंका आली तर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, शेवटी नमुने तपासा, झालं. यातली एकही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही.

आधी लॅमिनार. त्यातला हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारी गाळणी) हवा गाळतो, हात नाही. फिल्टरमधून निघालेली हवा वाटेत कशालाही न अडता सुईवर आणि बुचावर पोचली, तरच तिचा उपयोग. आडव्या प्रवाहात (हवा मागून पुढे) व्हायलच्या, म्हणजे औषधाच्या कुपीच्या, मागे सलाइनची बाटली ठेवली, किंवा उभ्या प्रवाहात (हवा वरून खाली) व्हायलच्या वर हात आला, की तिथे भोवरा तयार होतो आणि बाहीवरचे कण थेट बुचावर बसतात. काम हूडच्या पुढच्या कडेपासून किमान १५ सेंमी आत करायचं. (केमोथेरपीची औषधं आडव्या प्रवाहात तर नकोच, तिथली हवा औषध बनवणाऱ्याच्या तोंडावर येते.) हात किती स्वच्छ चालतो हे मीडिया फिलमध्ये कळतं: औषधाऐवजी सोयाबीन-केसीनचं द्रावण (जंतू वाढवणारं खाद्य) घेऊन नेहमीच्याच सगळ्या पायऱ्या करायच्या आणि ते १४ दिवस उबवायचं. गढूळ झालं, तर माणूस नापास, हूड कितीही नवा असो.

स्पिरिट ७० टक्केच हवं. ९९ टक्क्यांचं जास्त कडक वाटतं, पण जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं, शिवाय ते भराभर उडून जातं. बूच पुसून पूर्ण वाळू द्या, मगच सुई टोचा. बॅसिलस जीवाणूंचे बीजाणू (त्यांचं कठीण कवचातलं सुप्त रूप) मात्र स्पिरिटला दाद देत नाहीत. म्हणून डब्यात दिवसभर भिजत पडलेला कापूस चालत नाही आणि हूडला ठरावीक काळाने बीजाणुनाशक लागतंच.

०.२२ मायक्रॉनचा फिल्टर जीवाणू अडवतो, एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातलं विष) नाही. रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो तो त्यानेच. आणि वापरानंतर बबल पॉइंट (ओल्या फिल्टरमधून हवेचे बुडबुडे निघायला लागणारा दाब) तपासला नसेल, तर फिल्टरचा पडदा फाटला होता की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

राहिले नमुने. लॉटमधल्या (एका वेळी बनवलेल्या गटातल्या) १ टक्का कुप्या दूषित असतील आणि २० तपासल्या, तर एकही दूषित कुपी हाती न लागण्याची शक्यता ८२ टक्के. २०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीच्या (औषधं स्वतः तयार करणाऱ्या फार्मसीच्या) मेथिलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या दूषित इंजेक्शनमुळे ७५० हून अधिक जण आजारी पडले, ६० हून अधिक दगावले. तिथे क्लीनरूम होती. पण ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लागणारी किमान २० मिनिटं दिली गेली नव्हती, आणि दोन लॉट चाचणीचा निकाल येण्याआधीच बाहेर पाठवले गेले होते.