तात्पुरत्या पेसमेकरविषयी थोडे

पेसमेकरवरच्या एका लेखात पेसमेकर, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे यंत्र, छातीत कायमचेच बसवलेले असते, असे गृहीत धरले आहे. परंतु हृदयाच्या खुल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा जो वापरला जातो तो तात्पुरता असतो, हे स्पष्ट करायला हवे होते. छाती बंद करण्यापूर्वी शल्यविशारद हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा हलकेच अडकवतात आणि त्यांची टोके छातीच्या हाडाखालून त्वचेबाहेर काढून एका लहान पेटीला जोडतात. माझ्या आईची झडप बदलली तेव्हा तिच्या उशाशी असलेल्या त्या पेटीवरचा दिवा प्रत्येक ठोक्यासरशी लुकलुकत असे, आणि आम्ही रात्रभर त्याच्याकडेच पाहत बसलो होतो.

झडपांच्या अगदी लगत हृदयाची विद्युतवाहक यंत्रणा असल्यामुळे सूज आली किंवा टाका जवळ पडला तरी ठोके मंदावू शकतात. अशा वेळी केवळ गती वाढवणे पुरेसे नसते. आधी कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि मग जवनिका (खालचे कप्पे) आकुंचन पावण्याचा क्रम राखला, तर थकलेले हृदयही प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलते. शस्त्रक्रियेनंतर विद्युतसंदेशांच्या वहनात येणाऱ्या अशाच अडथळ्यासाठी अमेरिकन हृदयशल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी १९५७ मध्ये हृदयाच्या स्नायूत तार बसवण्याची पद्धत वापरली होती.

सूज ओसरली की बहुतेकांची लय परत येते आणि तारा खाटेवरच हळुवार ओढून काढतात. काही दिवस थांबूनही अडथळा कायम राहिला, तरच कायमच्या पेसमेकरचा निर्णय होतो. नातेवाइकांना हे आधीच समजावून सांगायला हवे. आम्हाला कोणी सांगितले नव्हते.