भुरीचा पाय उगाच कापला का? तासगावच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार. तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण तेव्हा लिहिलं असतं तर चार शब्द जास्त गेले असते म्हणून आज निवांत लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, आमची कुत्री भुरी तीन पायांवर पळतेय तो व्हिडिओ टाकला होता त्याखाली काकांनी लिहिलंय की हाड मोडलेलं नव्हतं तर पाय कापायची एवढी घाई का, हळद-तेलाने चोळत थांबायचं, कापायचाच तर निदान अर्धा तरी ठेवायचा, आणि मुक्या जनावराला असं अधू करून जगवण्यापेक्षा इंजेक्शन देऊन सोडवलं असतं तर पुण्य लागलं असतं, हे सगळं लाईक्ससाठी चाललंय. शेवटी त्यांच्या द्राक्षबागेवरच्या रॉटवायलरबद्दल दोन ओळी आहेत. त्याच्याकडे येतेच मी, खरं सांगायचं तर त्याच्यामुळेच एवढं लांबलचक लिहायला घेतलंय.

आधी घाईचं. भुरीला हायवेच्या सर्व्हिस रोडवर गाडीने उडवली. एक्सरे एकदम क्लीन, कुठे साधी चीर नाही, पण डावा पुढचा पाय नुसता लोंबत होता आणि चालताना पंजा उलटा पडून जमिनीवर घासत यायचा. आम्हीपण तुमच्यासारखंच म्हणालो की हाड तर शाबूत आहे, होईल हळूहळू. मग डॉक्टरांनी काय केलं, चिमट्याने तिच्या त्या पायाचं बोट मुळाशी करकचून दाबलं. भुरी माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती! उजव्या पायाचं बोट त्याच्या निम्म्यानेपण दाबलं नसेल तर दात दाखवून गुरगुरली. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलेली पण आम्ही मुका मार समजलो होतो, तिचा डावा डोळा अर्धवट मिटल्यासारखा आणि त्यातली बाहुली उजव्यापेक्षा बारीक. डॉक्टर म्हणाले डोळ्याला काही झालेलं नाहीये, डोळ्याकडे जाणारी एक नस छातीच्या वरच्या भागातल्या मणक्यातून निघते, पायाच्या नसांच्या अगदी शेजारून, ती पण गेलीय म्हणजे पायाच्या नसा मुळातून उपटल्यात.

नस नुसती दबली किंवा चेचली असेल तर ती परत येते, वेळ लागतो पण येते, त्यासाठी थांबायलाच पाहिजे आणि आम्ही थांबलोही, रोज सांधे हलवायचे, पंजाला सॉक्स, वरून बँडेज. पण मणक्यातून उपटलेली नस कुणी जोडून देत नाही काका, आणि तेलाने तर नाहीच नाही. आणि थांबायची पण किंमत असते. पंजा घासून घासून वरचं कातडं गेलं, मग आतलं पांढरं दिसायला लागलं, आणि एक दिवस बघितलं तर ही बाई स्वतःचंच बोट कुरतडत बसलीय, कारण वेदना नाही म्हणजे तिच्या दृष्टीने तो पाय तिचा राहिलाच नव्हता, नुसतं काहीतरी चिकटलेलं आणि मुंग्या येणारं. त्यात साताऱ्याचा पावसाळा. यवतेश्वरच्या बाजूने एकदा धुकं उतरलं की आठ-आठ दिवस काही वाळत नाही, माश्या घोंगावतात, अशा जखमेत अळ्या पडायला एक दुपार पुरते. तर घाई नव्हती हो, उलट डॉक्टरांनीच एकदा विचारलं की अजून कशाची वाट बघताय.

अर्धा पाय ठेवायचं तुम्ही म्हणता ते आमच्या आईनेपण विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर आहे. माणसाचा जेवढा वाचेल तेवढा ठेवतात कारण पुढे जयपूर फूट म्हणजे कृत्रिम पाय बसवायचा असतो. कुत्रं अर्धा पाय टेकवायला जातं, टोक जमिनीवर आपटत राहतं आणि ती जखम कधी भरत नाही. पुढचा पाय असेल तर बरेच सर्जन फऱ्यासकट, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडासकट काढतात, कारण पाय नसताना फऱ्यावरचं मांस झडून जातं आणि नुसतं हाड वर येतं, त्या कुशीवर झोपलं की तिथे घट्टे पडतात. भुरीचा फऱ्यासकट काढलाय. बाजूने बघितलं तर पहिल्यांदा धस्स होतं हे मान्य, केस वाढले की कळत पण नाही.

आता व्हिडिओत फक्त पळणं दिसतं, मागचं दिसत नाही, म्हणून ते पण सांगते, कुणाला उपयोग होईल. पहिली रात्र वाईट. भूल उतरताना ती जे काही ओरडत होती त्याने शेजारचे उठून आले, त्यातलं निम्मं दुखणं असतं आणि निम्मं भुलीची गुंगी, आपल्याला फरक कळत नाही, डॉक्टरांना फोन करायचा आणि डोस विचारायचा. स्वतःच्या डब्यातली गोळी काढून द्यायची नाही! काका तुम्ही लिहिलंय ना की आपली दुखायची गोळी अर्धी करून दिली की जनावर शांत होतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी निकामी करतात, अर्ध्या गोळीनेसुद्धा. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी 2006 पासून आपल्याकडे बंदीच आहे, ती आली ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, हे वेगळं. भुरीला सूज-दुखण्यावरचं कुत्र्याच्या मापातलं मेलोक्सिकॅम होतं आणि सोबत गॅबापेंटिन, कारण बसल्या बसल्या मधेच दचकून ती जिथे पाय होता तिकडे वळून किंचाळायची. कापलेल्या नसेची कळ असते ती. गॅबापेंटिनची गोळी किंवा कॅप्सूलच घ्या, माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो, कुत्र्यांना ते विष आहे.

दोन-तीन दिवस शी झाली नाही म्हणून घरात नुसता गोंधळ, पण भूल आणि दुखण्याच्या औषधांनी ते होतं, लघवी होतेय ना ते बघायचं. पोटाखाली जांभळं-पिवळं झालं, टाक्यांच्या खालच्या टोकाला पाण्याची पिशवी लोंबायला लागली, मी घाबरून फोटो पाठवला तर डॉक्टर म्हणाले गरम नाही लाल नाही पू नाही ना, मग सुई टोचून काढायला जाऊ नका, आपोआप जिरेल. जिरलं. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, तोवर गळ्यातला तो प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, कितीही बापुडवाणं तोंड केलं तरी.

आणि सगळ्यात मोठा दुश्मन म्हणजे घरातली टाईल्स. हे कुणी सांगत नाही. ऑपरेशननंतर ती उभी राहिली दुसऱ्याच दिवशी, पण फरशीवर एकुलता एक पुढचा पाय सरकला की सरळ हनुवटीवर आपटायची आणि दोन-तीनदा असं झालं की ती उठायचंच सोडून द्यायला लागली, आणि आपल्याला वाटतं बिचारी खचली. खचली बिचली काही नाही, फरशी निसरडी होती. चटई टाकली ती तिच्यासकट सरकली, गोणपाटाचं तेच. शेवटी दीर म्हणाला गोठ्यातला रबर मॅट आण, म्हशींच्या खाली टाकतात तो खरबरीत. बिछान्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून मागच्या दारापर्यंत त्याच्या पट्ट्या कापून टाकल्या आणि त्याच संध्याकाळी ती स्वतः उठून पाणी प्यायला गेली. पाण्याचं भांडं पाटावर, म्हणजे मान खाली घालून तोल जात नाही. जिना उतरताना छातीखालून जुनी ओढणी, गळपट्ट्याला धरून ओढायचं नाही. पंजाखालचे केस आणि नखं वेळच्या वेळी कापायची.

कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. आता ते एकट्या उजव्या पायावर आलंय, त्यामुळे तिचं वजन वाढू द्यायचं नाही हा आमच्या घरातला सगळ्यात कडक कायदा आहे, फासळ्या बोटांना लागल्याच पाहिजेत. गल्लीतल्या आजी रोज "लंगडी गं माझी" म्हणून बिस्किटाचा अख्खा पुडा घालत होत्या, त्यांच्याशी भांडण झालं. अजून बोलत नाहीत त्या माझ्याशी, चालायचंच.

इंजेक्शनचं म्हणाल तर मी त्याच्या विरोधात नाहीये. दुसऱ्या पुढच्या पायात किंवा मागच्या खुब्यात आधीच दम नसलेलं, अंगाने जड, म्हातारं कुत्रं असेल, किंवा कॅन्सर फुप्फुसात गेलेला असेल, किंवा रस्त्यावरचं आहे आणि ऑपरेशननंतर दोन आठवडे कोरड्या जागेत ठेवणारं कुणीच नाही, तर पाय कापण्याआधी हा विषय निघालाच पाहिजे, आणि डॉक्टर काढत नसतील तर आपण काढावा. भटक्या कुत्र्यांसाठीचे 2023 चे नियम पण असाध्य आजारी किंवा मरणाच्या दारात असलेल्या जखमी कुत्र्याला शांतपणे मरण द्यायची सोय ठेवतात. पण भुरीला यातलं काय होतं? अंगाने सडपातळ, बाकीचे तीन पाय खणखणीत, जेवण बंद केलं नव्हतं एक दिवस. तिला अधू तुम्ही आणि मी म्हणतो. तिचा त्रास त्या पायात होता, तो गेला. आज टाईल्सवर अजून जपून चालते, पाऊस असला की दमते, महादरेच्या चढाला मी तिला नेत नाही, बाकी मांजर दिसली की मला ओढत नेते. पैशांचा हिशोब तुम्ही काढलात, तो माझ्या नवऱ्याने पण काढला होता, त्यावर आमचं घरात जे झालं ते घरातच राहू दे.

आता तुमचा टायगर. तुम्ही लिहिलंय सात वर्षांचा रॉटवायलर, महिन्यापासून पुढच्या पायाने लंगडतोय, मनगटाच्या वर टणक गाठ आलीय, चोळून चोळून कमी होत नाही. काका, चोळणं आजच बंद करा. मोठ्या जातीचं वयात आलेलं कुत्रं, त्यात रॉटवायलर, आणि हाडावर नेमक्या त्या जागी टणक सूज, म्हणजे मुरगळा नसून हाडाचा कॅन्सर असण्याची शक्यता धरूनच चालायचं, नाही निघाला तर उत्तमच. असं हाड आतून पोखरलेलं असतं, जोरात चोळलं किंवा बागेत चर ओलांडताना पाय वाकडा पडला तरी मोडतं. दोन एक्सरे काढायचे, एक पायाचा आणि एक छातीचा. छातीचा विसरू नका, तिथे पसरलंय की नाही त्यावरच पुढचं ठरतं. कॅन्सरच निघाला आणि नुसता पाय काढला तर ठणका थांबतो पण सरासरी चार-पाच महिनेच मिळतात, सोबत केमो दिली तर वर्षाच्या आसपास. तेवढ्यासाठी कापायचा का, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, आणि इंजेक्शन म्हणालात तरी नाही. फक्त एक्सरे न बघता ठरवू नका. आणि ती दुखायची गोळी देऊ नका.

सांगली-मिरजेत एक्सरेची सोय असलेला जनावरांचा डॉक्टर गाठा, आधी फोन करून मशीन चालू आहे का विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो. पुढे मोठं काही निघालं आणि दुसरं मत पाहिजे असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला लांब पडेल पण सकाळी लवकर निघालात तर दिवसात येऊन-जाऊन होतं. टायगरला गाडीत चढवताना उडी मारू देऊ नका, दोघांनी उचला, त्या पायाला हात न लावता. एक्सरे काढला की इथेच खाली लिहा काय निघालं ते, आणि केमोचा विषय आलाच तर खर्च आणि किती वेळा जावं लागतं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून मागा.