'हिशेबात लागत नाही' म्हणजे चोरीला गेलं असं नव्हे

परवा रात्री साडेअकराला आत्याचा फोन. "अरे, अणुबॉम्बचं ते प्लुटोनियम चोरून विकलंय म्हणे, आणि सगळे गप्प बसलेत. खरंय का?" तो लांबलचक मेसेज मलाही चार गटांतून येऊन गेला होता आणि मी तो सोडून दिला होता. पण तिला रात्रभर झोप लागली नाही म्हटल्यावर गप्प बसणं बरोबर नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अणुइंधनाच्या कारखान्यांत दरवर्षी किलोकिलोंनी माल 'हिशेबात लागत नाही', आणि हे चोरीचंच सभ्य नाव आहे. ब्रिटनमधल्या सेलाफिल्डच्या अणुइंधन कारखान्यातून ३० किलो प्लुटोनियम गेलं, लीबियातून अडीच टन युरेनियम गेलं, तपासनीस नुसते कागद बघून सह्या करतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत: "हिशेब प्रामाणिक असता तर फरक शून्य आला असता."

सगळा डोलारा या शेवटच्या वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी तेच घेतो. वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढायला ते नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि ते द्रावण टाक्या-नळांच्या जंजाळातून फिरतं. आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा जावक, ही झाली वहीतली शिल्लक. मग ठरावीक काळाने प्रत्यक्ष मोजणी होते. वहीत आहे आणि मोजणीत सापडलं नाही, तो हा फरक. थोडा माल नळांच्या आतून चिकटून बसतो, थोडा फिल्टरांत अडकतो, थोडा टाकाऊ द्रवाबरोबर जातो. शिवाय प्रत्येक वजनात आणि प्रत्येक नमुन्याच्या तपासणीत बारीक चूक असतेच. टनांनी माल जातो तिथे अर्ध्या टक्क्याची चूकही किलोंत भरते. वर्षानुवर्षं बरोब्बर शून्य फरक दाखवणारी वही पाहिली, तर मला पहिली शंका येईल की यांनी मोजणी केलीच नाही, वहीतला आकडाच खाली उतरवला. आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याने दडवली आहे, किंवा त्याला ती माहीतच नाही: ब्रिटनच्या जाहीर आकड्यांत काही वर्षी फरक उलटाही येतो, म्हणजे वहीपेक्षा माल जास्त भरतो. चोरीने साठा वाढत नाही.

सेलाफिल्डचा ३० किलोंचा आकडा खरा आहे. २००५ च्या सुरुवातीला तो जाहीर झाला. कुणी पाळत ठेवून तो बाहेर काढला नव्हता, तो वार्षिक हिशेबातच छापलेला होता. माल आवाराबाहेर गेल्याचा पुरावा नाही, असं कारखाना चालवणाऱ्या कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. पण त्याच आवारात त्याच वर्षी जे घडलं, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. थॉर्प नावाच्या विभागात हिशेब जुळेना, म्हणून कॅमेरा आत सोडला. एक नळ तुटलेला आणि बंद काँक्रीटच्या खोलीत ८३ घनमीटर द्रावण साचलेलं! त्यात सुमारे २० टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम. तुटलेला नळ हिशेबाच्याच टाकीला जोडलेला होता. ती टाकी वजन करता यावं म्हणून टांगलेली असते, हलत राहते, आणि त्या हालण्याने धातू थकून नळ तुटला. हे सगळं ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यालयाच्या चौकशी अहवालात आहे. गळती कित्येक महिने चालू होती आणि आधीच्या खुणांकडे दुर्लक्ष झालं, हेही त्यात लिहिलं आहे आणि ते लाजिरवाणं आहे. तरी शेवटी बोट ठेवलं ते न जुळणाऱ्या हिशेबानेच.

लीबियाचं थोडक्यात. ते नैसर्गिक युरेनियम होतं, त्यात स्फोटाला लागणारा भाग जेमतेम ०.७ टक्के. पिंपं जागेवर नाहीत हे मार्च २०२३ मध्ये जगाला सांगितलं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनीसांनीच. पुढे बहुतेक माल सापडला.

आणि 'नुसते कागद बघतात' हे तर धादांत खोटं आहे. उत्तर कोरियाने प्लुटोनियम एकदाच वेगळं केल्याचं कागदावर लिहून दिलं होतं. १९९२ मध्ये तपासनीसांनी नमुने घेतले आणि ते एकदा नव्हे, अनेकदा केल्याचं प्रयोगशाळेत उघड झालं. तपासनीस डब्यांना, दारांना लावतात त्या साध्या सीलचंच बघा. नाण्याएवढ्या धातूच्या टोपीत आतून ओरखडे काढून त्यांचा फोटो ठेवतात. सील उतरवलं की टोपी संस्थेच्या मुख्यालयात, व्हिएन्नाला जाते आणि ओरखडे फोटोशी ताडून बघतात. तसेच ओरखडे दुसऱ्या टोपीवर उमटवणं जवळपास अशक्य.

आता कबूल करायचं ते करतो. चोरी होऊ शकते, झालेली आहे. १९९२ मध्ये रशियात पोदोल्स्कच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याने काही महिन्यांत सुमारे दीड किलो अतिसमृद्ध, म्हणजे स्फोटाला लागणारा भाग खूप वाढवलेलं युरेनियम बाहेर नेलं. एका वेळी थोडंथोडंच. कामात ठरावीक टक्के घट धरलेली असते हे त्याला ठाऊक होतं. तो काम जास्त काटेकोर करायचा आणि वाचलेला माल खिशात घालायचा. घट मर्यादेतच दिसायची, त्यामुळे वहीत काहीच खटकलं नाही. तो पकडला गेला तोही योगायोगाने, स्टेशनवर, दुसऱ्याच चोरीच्या प्रकरणातल्या लोकांबरोबर.

खरी चोरी लपली ती अशी, 'बेहिशेबी' म्हणून काही न दाखवणाऱ्या वहीत. त्यावर इलाज म्हणजे धरलेली घट कमी करणं, दर खेपेला वजन करणं आणि फाटकावर किरणोत्सार ओळखणारी यंत्रं बसवणं. जाहीर झालेल्या प्रत्येक फरकाला चोरी म्हणत सुटलो, तर उद्या हिशेबनीस तो छापायलाच घाबरतील आणि वही पुन्हा पोदोल्स्कसारखी गुळगुळीत दिसू लागेल.

आत्या, तो मेसेज तू ज्या दोन गटांत पुढे ढकललास ना, तिथे आता हेही पाठव.