संस्थापक आणि सन यांचा तक्ता: चर्चच्या उगमाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाइलवर गेली काही वर्षे एक तक्ता फिरतो आहे. नाताळ जवळ आला, किंवा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांमध्ये सोयरीक जुळू लागली, की तो नव्याने पाठवला जातो. त्यात चर्चचे नाव, संस्थापक आणि सन एवढेच असते. पहिली ओळ सांगते की कॅथलिक चर्चचे संस्थापक प्रभू येशू ख्रिस्त आणि सन इ.स. 33. त्याखाली लूथरन चर्चपुढे मार्टिन लूथर आणि 1517, अँग्लिकन चर्चपुढे राजा आठवा हेन्री आणि 1534, प्रेस्बिटेरियन चर्चपुढे जॉन नॉक्स आणि 1560 अशी नोंद असते. बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट यांचे सन प्रतीगणिक बदलतात. तळाशी निष्कर्ष असतो की पहिले चर्च तेवढे देवाचे आणि बाकीची माणसांनी काढलेली.

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीत वाढलो, त्यामुळे हा तक्ता ज्यांना नाकारतो त्यांच्यापैकी मी एक आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील मतभेद खोटे किंवा किरकोळ आहेत, असे मला म्हणायचे नाही. ते खरे आणि गंभीर आहेत, आणि म्हणूनच त्यांचा निकाल सनावळीने लावण्याला माझा आक्षेप आहे.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करू. ख्रिस्ताने आपली मंडळी स्थापन केली, हे प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य मानतो. वाद एवढाच आहे की ती मंडळी आज कोठे आणि कशी दिसते. तक्ता या वादाचे उत्तर आधीच गृहीत धरतो आणि मग तेच पुरावा म्हणून पुढे करतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिली मंडळी यरुशलेमेत दिसते, शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम अंत्युखियात मिळते, आणि पौलाने इ.स. 57 च्या सुमारास रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा तेथे मंडळी आधीच होती, पण ती कोणी स्थापली हे तो सांगत नाही. पेत्र आणि पौल रोममध्ये हुतात्मे झाले ही परंपरा फार जुनी आहे आणि ती नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र त्यावरून रोमच्या मंडळीचे मोठेपण सिद्ध होते. ख्रिस्ताची मंडळी आणि रोमच्या अधिकाराखालील मंडळी पहिल्या दिवसापासून एकच होती, हे सिद्ध होत नाही. सन 30 की 33 हा अभ्यासकांमधला वाद आहे, त्यावर येथे वेळ घालवण्याची गरज नाही.

तक्त्यात जे नाही ते अधिक बोलके आहे. माझ्याकडे आलेल्या प्रतीत पूर्वेकडील एकही मंडळी नव्हती. कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, अंत्युखिया आणि यरुशलेम येथील ऑर्थोडॉक्स मंडळ्या आपला वारसा थेट प्रेषितांपर्यंत नेतात, आणि 1054 च्या फुटीत रोम आपल्यापासून वेगळे झाले असे त्या मानतात. त्याआधीच, ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी निर्णय देणाऱ्या 451 च्या खाल्सेदोन धर्मसभेनंतर, कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियन मंडळ्या वेगळ्या झाल्या होत्या. त्यांचे बिशप, साक्रामेंत (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे पवित्र विधी) आणि उपासना तेव्हापासून अखंड चालत आली आहे. आपल्याच देशात केरळचे ख्रिस्ती लोक आपला उगम इ.स. 52 मध्ये आलेल्या प्रेषित थोमाकडे नेतात, आणि 1653 मध्ये मट्टांचेरी येथे त्यांच्यातील मोठ्या समुदायाने पोर्तुगीज धर्मसत्तेचे जोखड नाकारण्याची शपथ घेतली होती. प्रेषितांपासूनचा वारसा ही एकमेव कसोटी असेल, तर या सर्वांसाठीही पहिलीच ओळ लिहावी लागेल, आणि मग त्या ओळीतले एकमेवपण राहत नाही. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांना हे पुरते ठाऊक आहे. म्हणूनच कॅथलिक चर्च ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची धर्मगुरूपदाची दीक्षा आणि साक्रामेंत वैध मानते.

आता लूथर आणि 1517. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला विटेनबर्ग येथे 95 प्रमेये मांडणारा मनुष्य ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी, 1507 मध्ये दीक्षा झालेला धर्मगुरू आणि विद्यापीठातील अध्यापक होता. पापांची शिक्षा माफ करणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर वाद व्हावा म्हणून त्याने ती लॅटिन प्रमेये लिहिली. त्या दिवशी कोणतेही चर्च स्थापन झाले नाही. पोप दहाव्या लिओने जानेवारी 1521 मध्ये त्याला बहिष्कृत केले, आणि अनुयायांनी आपल्या नावाने स्वतःला ओळखू नये असे त्याने 1522 मध्ये बजावून लिहिले. 1530 मध्ये ऑग्सबर्ग येथे सम्राटापुढे जे विश्वासपत्र ठेवले गेले, त्यात आपली शिकवण पवित्र शास्त्राच्या किंवा सार्वत्रिक मंडळीच्या विरोधात नाही असा दावा आहे. हा दावा खरा की खोटा, यावर वाद घालता येतो आणि घालावाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1545 ते 1563 या काळात त्याचे सविस्तर खंडन केले आणि त्या खंडनात वजन आहे. परंतु जो मनुष्य आपण जुन्याच मंडळीची दुरुस्ती करतो आहोत असे म्हणतो, त्याच्या नावापुढे संस्थापक असे लिहून टाकले, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच निकाल दिला असे होते.

हेन्रीच्या ओळीत सत्याचा अंश जास्त आहे, आणि तो प्रोटेस्टंट लोकांनी मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. राजाला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, पोपने तो केला नाही, आणि 1534 च्या कायद्याने राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख बनला. यात अध्यात्म फार थोडे होते. पण त्या वर्षी इंग्लंडमध्ये नवे चर्च निघाले असे म्हणता येत नाही, कारण तेच धर्मप्रांत, तीच देवळे आणि बहुतेक तेच धर्मगुरू पुढे चालू राहिले. ब्रिटनचे 3 बिशप 314 मधील आर्लच्या धर्मसभेला हजर होते, आणि कँटरबरीचे बिशपपद 597 पासूनचे आहे. हेन्री तर मनाने शेवटपर्यंत जुन्याच उपासनेचा राहिला. त्याच्या 1539 च्या सहा कलमांत मिस्सा (कॅथलिक पद्धतीची प्रभुभोजनाची उपासना), गुरूंचे ब्रह्मचर्य आणि भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात होणारे परिवर्तन कायम ठेवले होते. यावर कॅथलिक उत्तर असे की कँटरबरीचा पहिला बिशप ऑगस्टिन याला पोप ग्रेगरीनेच पाठवले होते, म्हणून रोमशी नाते तोडणे म्हणजे मुळाशी नाते तोडणे होय. शिवाय पोप तेराव्या लिओने 1896 मध्ये अँग्लिकन दीक्षा अवैध ठरवल्या. ही उत्तरे भक्कम आहेत आणि त्यांना अँग्लिकन प्रत्युत्तरेही आहेत. मात्र हा सारा वाद दीक्षेच्या वैधतेचा आहे, आणि तो 1534 या आकड्यात कोठेच दिसत नाही.

नॉक्सच्या ओळीवर मला अधिक थांबायचे आहे, कारण ती मराठवाड्यापर्यंत पोहोचते. 1560 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता संपवली आणि नवे विश्वासपत्र स्वीकारले. ते एकट्या नॉक्सने लिहिलेले नव्हते. ते लिहिणारे 6 जण होते आणि योगायोगाने सर्वांचे नाव जॉन होते. त्या स्कॉटिश चर्चमध्ये मे 1843 मध्ये मोठी फूट पडली. पाळकाची नेमणूक जमीनदाराने करावी की मंडळीने, हा त्या फुटीमागचा प्रश्न होता, आणि त्यातून फ्री चर्च वेगळे झाले. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन फ्री चर्चसोबत गेले. त्याच वर्षी मुंबईत एका ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला, ते नारायण शेषाद्री. पुढे त्यांनी जालन्याला कार्य उभे केले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. प्रामुख्याने मांग आणि महार समाजांतील कुटुंबे तेथे आली. ज्या स्कॉटिश चर्चशी हे कार्य जोडलेले होते, त्याचे नाव 1900 मध्ये युनायटेड फ्री चर्च झाले आणि 1929 मध्ये त्याचा मोठा भाग चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये परतला. इकडे भारतात 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनले, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे 6 चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले.

आता तक्ता करणाऱ्याने सांगावे की जालन्याच्या मंडळीपुढे कोणाचे नाव आणि कोणता सन लिहायचा. 1560 चा नॉक्स, 1843 चे फ्री चर्च, बेथेल वसवणारे शेषाद्री, की 1970 चे नागपूर? तेच प्रभुभोजन, तीच प्रार्थना आणि त्याच कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या असताना मंडळी 4 वेळा स्थापन झाली, असे कोणी म्हणणार नाही. उलट बाजूने पाहा. आपला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 मध्ये, पोप सहावे पॉल यांच्या काळात, निर्माण झाला. वैजापूर तालुक्यातील घोगरगावचे, फ्रान्सालियन या कॅथलिक धर्मसंघाचे मिशन त्याच्या कितीतरी आधीचे. तक्त्याचीच रीत लावली, तर मराठवाड्यातील कॅथलिक चर्चचे संस्थापक सहावे पॉल आणि सन 1977 असे लिहावे लागेल. कोणताही कॅथलिक मनुष्य ते अमान्य करील आणि त्याचे बरोबर असेल, कारण प्रशासनाची रचना नवी झाली म्हणून विश्वास नवा होत नाही. हाच न्याय जालन्याला मिळावा, एवढीच मागणी आहे.

आपल्या भागातल्या फार थोड्या घरांनी 33 आणि 1517 यांची तुलना करून चर्च निवडले, हेही येथे नोंदवले पाहिजे. गंगापूर-वैजापूरकडे कॅथलिक फादर आले, जालन्याकडे स्कॉटिश मिशन आले. कोणाच्या गावात कोण आधी पोहोचले, दुष्काळात कोणी धान्य दिले, मुलांसाठी शाळा कोणी काढली, यावरून पणजोबांची मंडळी ठरली. त्यांच्या विश्वासाचा पाया वधस्तंभावरचा ख्रिस्त होता, आणि त्यांच्या नातवंडांना तुमचा संस्थापक हेन्री असे सांगणे हा त्या विश्वासाचा अपमान आहे.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीविषयी थोडक्यात. जॉन वेस्ली 1791 मध्ये वारला तेव्हा तो अँग्लिकन धर्मगुरूच होता. अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी 1784 मध्ये त्याने स्वतः दीक्षा दिल्या, ही गोष्ट चर्चशिस्तीला सोडून होती, आणि पुढील विभक्तपणाचा रस्ता तेथूनच उघडला. तरीही नवे चर्च काढण्याचा त्याचा हेतू नव्हता.

तक्त्याखाली बहुधा आणखी एक वाक्य जोडलेले असते: प्रोटेस्टंटांचे 33,000 पंथ आहेत. हा आकडा 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक ख्रिस्ती विश्वकोशातला आहे आणि तो चुकीचा वाचला जातो. त्या मोजणीत एकच चर्च जितक्या देशांत आहे तितक्या वेळा मोजले आहे; त्याच रीतीने रोमन कॅथलिक चर्चचेही 242 पंथ त्यात धरले आहेत, आणि प्रोटेस्टंट म्हणून मोजलेले पंथ सुमारे 9,000 आहेत. फूट हे प्रोटेस्टंट जगाचे खरे दुखणे आहे, परंतु ते दाखवण्यासाठी खोट्या आकड्याची गरज नाही.

तितक्याच ठामपणे मला आमच्या बाजूने पाठवल्या जाणाऱ्या उत्तराविषयी लिहिले पाहिजे. ते उत्तर असे की कॅथलिक चर्च सम्राट कॉन्स्टंटाइनने 313 किंवा 325 मध्ये स्थापन केले आणि त्यापूर्वीचे ख्रिस्ती लोक प्रोटेस्टंटांसारखे होते. हे निराधार आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस हुतात्मा होण्यासाठी रोमकडे नेला जात असताना जी पत्रे लिहितो, त्यांत बिशपशिवाय मंडळीने काही करू नये आणि प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर आहे असे तो स्पष्टपणे सांगतो. इ.स. 180 च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस रोमच्या बिशपांची यादी देतो. कॉन्स्टंटाइनने 313 मध्ये छळ थांबवून धर्माचरणाची मोकळीक दिली. त्रैक्यवादी ख्रिस्ती विश्वास साम्राज्याचा धर्म झाला तो 380 मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या आज्ञेने. 325 च्या निकियाच्या धर्मसभेला रोमचा बिशप सिल्व्हेस्टर स्वतः गेलाही नव्हता, त्याने 2 गुरू पाठवले होते. त्या सभेने ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी जे ठरवले, ते आम्ही प्रोटेस्टंट आजही उपासनेत उभे राहून म्हणतो. ती सभा खोटी ठरवून आमचे काय उरेल?

हे सर्व बाजूला केले की खरा प्रश्न दिसतो. प्रेषितांचा वारसा हात ठेवून दिलेल्या पदातून येतो, की त्यांच्या शिकवणीशी राहिलेल्या निष्ठेतून? मत्तयच्या 16 व्या अध्यायात पेत्राला किल्ल्या दिल्या जातात, आणि बांधण्याचा व मोकळे करण्याचा अधिकार 18 व्या अध्यायात सर्व शिष्यांना मिळतो. मग पेत्राचे वेगळेपण किती, आणि ते त्याच्या पदावर पुढे आलेल्यांकडे जाते का? कॅथलिक बाजूने सांगावे लागेल की 1870 मध्ये घोषित झालेला पोपच्या अस्खलनशीलतेचा, म्हणजे विश्वासाच्या अधिकृत शिकवणीत पोप चुकत नाही हा, सिद्धांत पहिल्या शतकांत कोणत्या रूपात होता. शिकवण बीसारखी आरंभापासून असते आणि काळाने झाडासारखी वाढते, असे याचे उत्तर कार्डिनल न्यूमनने दिले आहे, आणि ते गंभीरपणे घ्यावे असे आहे. प्रोटेस्टंट बाजूने सांगावे लागेल की केवळ शास्त्र पुरेसे असेल, तर त्या शास्त्रात कोणती पुस्तके असावीत हे कोणाच्या अधिकाराने ठरले. नव्या कराराची आजची 27 पुस्तके एकत्र नोंदवणारी जुनी यादी 367 मधील अथनेशियसच्या पत्रात मिळते, म्हणजे एका बिशपच्या पत्रात. मी प्रोटेस्टंट आहे आणि मला हा प्रश्न सोपा वाटत नाही.

तक्ता पाठवणाऱ्या कॅथलिक बंधुभगिनींना शेवटी त्यांच्याच चर्चची भूमिका दाखवावीशी वाटते. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की मंडळीबाहेर दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ आहे, आणि रोमचा बिशप स्टीफन त्याला विरोध करत होता. पश्चिमेत पुढे स्टीफनचे मत टिकले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1964 मध्ये मान्य केले की फुटीचा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांकडे जातो, आणि रीतसर बाप्तिस्मा झालेल्या इतर ख्रिस्ती लोकांना प्रभूमध्ये बंधू म्हटले. 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक चर्चने मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सही केली, आणि 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. आपल्याकडे जालन्याची मुलगी वैजापूरच्या कॅथलिक घरात सून म्हणून जाते तेव्हा मिश्र विवाहासाठी धर्मप्रांताची परवानगी लागते, पण पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तिचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानते, आणि तिने पुढे कॅथलिक व्हायचे ठरवले तरी तो पुन्हा दिला जात नाही. तक्त्याच्या हिशेबाने तो बाप्तिस्मा नॉक्सचा आहे; तिच्या सासरच्या धर्मग्रामातील फादरांच्या नोंदवहीत तो ख्रिस्ताचाच धरला जातो.